हिऱ्याचा पोळा आणि राजूरची जीप

मागच्या वर्षी पोळ्याच्या दिवशी, दुपारी चार वाजता, महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर हिऱ्यावर अन्याय झाला. हिरा हा बैल आहे. नाव नीट वाचा, कारण पहिल्या खेपेला मी ते लिहिलंच नव्हतं.

झालं ते असं. शिंगं रंगवून झाली होती, पाठीवर झूल चढली होती, बैल तोरणाखाली न्यायची वेळ झाली होती. तेवढ्यात तांड्यावरच्या अनिताला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स डांबरी सडकेपर्यंत आली आणि तिथंच थांबली, कारण सडक आणि तांडा यांच्यामध्ये दोन किलोमीटर काळी माती आहे आणि एक नाला आहे. नाल्यावर पूल होणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की लहान पोरं त्या जागेला पूलच म्हणतात. शेवटी हिऱ्याचे धनी रामधन बाबा यांनी हिरा आणि त्याचा जोडीदार मोती गाडीला जुंपले. पोळ्याच्या दिवशी. ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगते: वर्षातून हा एक दिवस बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्याचा खांदा लोणी-हळदीनं शेकतात आणि कानाशी वाकून सांगतात की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. असं आवतण दिलेल्या पाहुण्याला आम्ही चिखलात घातलं. नाल्यात हिरा गुडघ्यावर पडला, उठला, पुन्हा ओढू लागला. अनिता वेळेत पोचली, मुलगी झाली, दोघी छान आहेत. हिरा घरी परतला तेव्हा तोरण तुटलं होतं, मिरवणूक पांगली होती. पुरणपोळी पुढं धरली तर त्यानं तोंड फिरवलं. तेव्हापासून पुढचा उजवा पाय जरा ओढतो.

मी वैशाली. तांड्यावर राहत नाही, पण त्याच्या रस्त्यासाठी पत्रकं काढणाऱ्यांपैकी एक. त्या घटनेवर मी जळजळीत पत्रक लिहिलं, तहसीलबाहेर वाटलं आणि मोठ्या रुबाबात तांड्यावर वाचून दाखवलं. बाबा शेवटपर्यंत ऐकत बसले. मग म्हणाले, "बाई, अनिताचं नाव हाये, अँब्युलन्सचं हाये, आमदाराचं हाये. हिऱ्याचं काहून नाही?"

"बाबा, पत्रकात बैलाचं नाव कसं लिहू?"

"नेलं तं त्यानंच ना."

या प्रवासवर्णनाची सुरुवात तिथून झाली असं समजा.

रस्ता मागत राहायचं, पण तोवर एक जुनी, चारही चाकं ओढणारी जीप घ्यायची, असं तांड्यानं ठरवलं. वर्गणी झाली. गाडी निवडायला तिघं निघालो. बाबा, कारण बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. शारदाताई, कारण ती तांड्याची आशा कार्यकर्ती, ट्रॅक्टर चालवते आणि जीपही तीच चालवणार. आणि मी, कागदपत्रं वाचायला. गाडी कशासाठी हवी याची यादी मी केली: पेशंट, पावसाळ्यात शाळेची पोरं, खताच्या गोण्या. शारदाताईनं खाली स्वतःच्या हातानं एक शब्द लिहिला: मौज. मी तो खोडणार होते. तिनं पेन काढून घेतला.

बाबांची अट एकच होती. "हिरा आता म्हातारा झाला. पुढचा पोळा त्याले भेटते का नाही, देव जाणे. या पोळ्याले त्याच्या मानेवर जू येनार नाही. म्या त्याले शब्द देल्ला हाये."

दारव्हा

दारव्हा तालुका माझं माहेर, म्हणून पहिला मुक्काम आईकडं. आषाढ लागला होता, कपाशी वीतभर आली होती. आईनं ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा आणि बाबांसाठी वेगळा तेलात परतलेला ठेचा केला. आमच्याकडं बैल विकून दहा वर्षं झाली. पोळ्याला मातीचे बैल पाटावर मांडतो, त्यांना नैवेद्य दाखवतो आणि संध्याकाळी ते कपाटात ठेवतो. हे ऐकून बाबांनी आईला विचारलं, "मंग आवतण कोनाले देता?" आई हसली, पण भाकर थापताना तिचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला.

सकाळी आठवडी बाजाराच्या मागं गाडी पाहायला गेलो. जीप नव्या नवरीसारखी सजलेली. लाल रंग, नवी सीट कव्हरं, टपावर दिव्यांची रांग. मला तर लगेच आवडली. मालकानं चावी फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू.

बाबा पुढं गेले आणि बॉनेटवर तळवा ठेवला, जसा बैलाच्या कपाळावर ठेवतात.

"ही तं जागीच हाये," ते म्हणाले.

"म्हणजे?" मालक म्हणाला.

"तुमी हिले आमच्या आधी उठोलं. बाजारात बैल आनतो ना, आजारी असला तं व्यापारी त्याले पहाटे फिरोते, म्हंजे गिऱ्हाइकासमोर ताजा दिसते. मले झोपीतून उठताना पाह्याची हाये."

"बाबा, बैल नाही हा, गाडी आहे," मालक वैतागला.

"म्हनून तं कपायावर हात ठेवला. बैल असता तं शेपटी उचलून पाह्यली असती."

शारदाताईला हसू आवरेना. आम्ही समोरच्या टपरीवर चहा पीत बॉनेट गार होईपर्यंत बसलो. मालक तोवर तीनदा म्हणाला की त्याला घाई आहे. गार झालेली जीप सुरू व्हायला पाचदा खोकली आणि मागून निळा धूर निघाला. शारदाताईनं शेजारच्या पाणी भरलेल्या वावराकडं बोट दाखवून "यात घालून पाहू का," म्हटलं, तर मालक म्हणाला, "ताई, आत्ताच धुतली."

आम्ही निघालो. रस्त्यानं मी मालकाच्या फसवेगिरीवर एक अख्खं भाषण केलं. बाबा म्हणाले, "असू दे. त्याले विकाची हाये, आपल्याले घ्याची नाही. भांडन कायचं?" अशा वेळी माझा संताप ठेवायला जागा सापडत नाही.

यवतमाळ

यवतमाळात आलूबोंडा-रस्सा खाऊन एका जुन्या गाड्यांच्या आवारात शिरलो. इथला विक्रेता तरुण, गोड बोलणारा. प्रत्येक वाक्याला "मॅडम". मागच्या दारावर चकचकीत अक्षरांत लिहिलेलं की ही गाडी चारही चाकांवर चालते. गार होती, गुमान सुरूही झाली. कागदपत्रं मी वाचली. चेसिस नंबर पुस्तकाशी जुळला. मला वाटलं, झालं काम.

शारदाताईनं पदर खोचला आणि सरळ गाडीखाली शिरली. विक्रेता गोंधळला. "मॅडम, साडी खराब होईल."

खालून आवाज आला, "वैशू, मागच्या चाकाकडं एक जाड दांडा गेला हाये. पुढच्याकडं काहून नाही?"

विक्रेत्यानं आधी असतो म्हटलं, मग या मॉडेलला वेगळा असतो म्हटलं, आणि शेवटी कबूल केलं की पुढच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा आधीच्या मालकानं डिझेल वाचवायला काढून ठेवला होता, तो कुठं गेला माहीत नाही. म्हणजे चारही चाकं जोडायचा छोटा गिअर होता, दारावर अक्षरं होती, आणि पुढची चाकं नुसती मागच्यांच्या जिवावर घरंगळत होती. आमच्या नाल्यात ही गाडी अनितासारख्या कुणाला घेऊन अडकली असती. मी त्याला ते तोंडावर सांगितलं, आवाज चढवून, दोन गिऱ्हाइकांसमोर. त्यातलं एक गिऱ्हाईक निघून गेलं. याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

बाबा मात्र त्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ जरा वेळ उकिडवे बसले होते. उठताना म्हणाले, "जोडीतला एक नुस्ता उभा करून ठेवला बिचारा."

राजूर

वणीच्या पुढं राजूर. कोळशाच्या खाणींचा मुलूख. आमच्याकडं माती काळी असते, इथं हवाही काळी. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर दुपारपर्यंत राखाडी झाक चढते. शारदाताईच्या ओळखीच्या नर्सनं रहीम चाचांचं नाव दिलं होतं. चाचा खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. दारात त्यांची जीप उभी होती, आणि खरं सांगते, मला परत फिरावंसं वाटलं. रंग कुठला ते ओळखू येईना. एका दाराला तारेची कडी. मागच्या सीटच्या जागी लाकडी बाक.

बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला. गार.

"सुबह से हात नहीं लगाया," चाचा म्हणाले. "मले मालूम होतं, पाहनारा असा हात ठेवते. माहे अब्बा बैलाचे व्यापारी होते."

दोघे म्हातारे एकमेकांकडं बघून जे हसले ते मला अजून आठवतं. पुढचा अर्धा तास गाडीबद्दल एक शब्द नाही; कुठल्या बाजारात बैलांची कुठली जात उभी राहायची, खुरावरून वय कसं ओळखायचं, एवढंच. चाची जेवायला वाढत होत्या, डाळ, भात आणि कांदा घातलेली बटाट्याची भाजी, आणि मी घड्याळ बघत होते.

मग चाचांनी स्वतःहून दोष सांगितले. हँडब्रेक धरत नाही, चढावर दगड लावावा लागतो. पावसात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी गळतं. तिसरा गिअर आवाज करतो, पण तो लग्न झाल्यापासून करतो. कुणी विकणारा माणूस असं बोलताना मी पाहिला नव्हता. मी वही बाहेर काढली आणि लिहायचं विसरले.

"हे ओढते कोठून?" बाबांनी विचारलं. "हिचा खांदा कोनता?"

चाचा पुढच्या चाकाजवळ बसले. चाकाच्या मधोमध मुठीएवढा एक गोल होता, त्यावर फिरवायची खाच. "ये हब. खांदा म्हना तं हाच. नुस्ता आतला गिअर टाकून काही होत नाही. उतरायचं, दोन्ही पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवायचे, मंगच पुढची चाकं ओढतात. एकच फिरोलं तं दोन्ही बेकार. दोन्ही लागले तरच जोडी."

"आछो छ," बाबा शारदाताईला आपल्या बोलीत म्हणाले. छान आहे.

घरामागच्या कोळसामिश्रित चिखलात शारदाताईनं जीप घातली. हब न लावता आधी, मुद्दाम. चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी जागची हलली नाही. मग उतरून दोन्ही हब फिरवले. जीप घुरघुरली आणि म्हशीसारखी सावकाश, कुणाची पर्वा न करता बाहेर आली.

भावाची वेळ आली तेव्हा चाचांनी खांद्यावरचा गमछा बाबांच्या हातावर टाकला. बैलबाजारात असंच चालतं. कापडाखाली बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. दोघांची बोटं गमछ्याखाली हलत होती, चेहरे देवळातल्यासारखे शांत. आणि इकडं माझं डोकं तापलं. सगळ्या तांड्याची वर्गणी, आणि भाव कापडाखाली ठरतोय. मी तसं बोलले. म्हटलं, जे सरकार करतं तेच तुम्ही करताय.

गमछा तसाच ठेवून चाचा म्हणाले, "बेटी, झालं की कागदावर लिहून देतो, सही करून देतो, तांड्यात वाचून दाखव. पर ये मजा तो लेने दे. अब्बा के बाद किसीने हात नहीं पकडा मेरा ऐसे."

मी बाजूला सरले. पावती मात्र घेतली.

सहस्रकुंड

परतीला महागावचा फाटा आला आणि शारदाताईनं तो सरळ मागं टाकला.

"ताई, फाटा गेला."

"दिसला मले."

"मग कुठं चाललीस?"

"सहस्रकुंडले."

मी म्हटलं, गाडी लोकांच्या पैशाची आहे, कामासाठी घेतली आहे, लोक वाट पाहताहेत. पत्रकात मी जे मुद्दे मांडते ते सगळे मांडले. ती रस्त्यावरची नजर न काढता ऐकत होती.

"आशा होऊन आठ वर्षं झाली मले," ती म्हणाली. "पोटुशी बाई हाये, ने दवाखान्यात. ताप हाये, ने दवाखान्यात. ज्या घरातून मी कोनाले नेलं नाही असं घर तांड्यात नाही. मले कोनी कुठं नेलं सांग बरं?"

मागच्या लाकडी बाकावरून बाबा म्हणाले, "चाल वं पोरी, चाल. हिलेबी पाय मोकये करू दे."

पैनगंगा भरून वाहत होती. काळ्या खडकाच्या कितीतरी फटींतून पाणी एकाच वेळी खाली पडत होतं आणि इतका आवाज होता की तिथं भाषण करणं शक्यच नव्हतं. शारदाताई काठाच्या कठड्याला धरून उभी राहिली. तुषारांनी तिचा चेहरा भिजला, तिनं पुसला नाही. आम्ही गरम भजी घेतली, बाबांनी अर्धी कागदात बांधून ठेवली, "बुढीसाठी", म्हणजे बायकोसाठी. परत निघताना शारदाताईनं माझी यादी मागितली, मौज या शब्दापुढं बरोबरची खूण केली आणि कागद परत दिला. त्या खुणेवर मी अजून वाद घातलेला नाही.

तांडा

पोळ्याची आदली संध्याकाळ. मी मुद्दाम मुक्कामाला गेले होते. बाबांनी पळसाच्या पानानं हिऱ्याचा खांदा लोणी-हळदीनं चोळला, मग मोत्याचा, मग कानाशी वाकून आवतण दिलं. हिरा डोळे मिटून उभा होता. मग बाबा तीच वाटी घेऊन जीपकडं गेले. दोन्ही पुढच्या हबांना बोटभर लोणी चोपडलं, हळद लावली, वाकले आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या."

बायकांनी तोंडाला पदर लावला. मला ते इतकं गोड वाटलं की मी फोटो काढला. त्यात काय चुकतंय ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पोळ्याच्या दिवशी, दुपारी, तांड्यावरच्या काशीबाई विहिरीच्या ओट्यावरून घसरून पडल्या. पाय विचित्र वळला होता. रात्रभर पाऊस झाला होता, नाला भरून गेला नसला तरी घाण झाला होता. शारदाताई चावी घेऊन धावली, आणि बाबा जीपच्या आडवे उभे राहिले.

"हिले कशी जुंपतं? काल आवतण देल्लं म्या हिले."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ती गाडी दारात होती आणि बाबांनी तिला बैल करून टाकलं होतं. आता तिलाही सुटी. माझ्या तोंडावर आलं होतं की बाबा, ते लोखंड आहे. पण मागच्या वर्षी मी हिऱ्याचं नाव गाळलं होतं, म्हणून जीभ आवरली. शारदाताई म्हणाली, "बाबा, आवतण कायचं देल्लं? जेवायचं ना?"

"हो."

"मंग जेवू घाला आधी. जेवून पाहुना मदतीले आला तं त्याले जुंपलं म्हनत नाहीत."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. घरात गेले, पुरणपोळी आणली, बॉनेटवर ठेवली, हात जोडले. मग बाजूला झाले आणि स्वतःही मागं चढले. मी काशीबाईंचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

नाल्यात उतरलो. मधोमध मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. घाईत हब लावायचे राहिले होते. शारदाताई घोट्याएवढ्या चिखलात उतरली, डावा हब धरला, बोटं सटकली. पुन्हा धरला, पुन्हा सटकली. कालचं लोणी. पावसाचं पाणी पडून ते साबणासारखं झालं होतं. मी उतरून उजवा धरला, माझीही तीच गत. नाल्यातलं पाणी वाढत होतं. काठावर जमलेल्यांपैकी एक जण ओरडला, "बैल आना. हिरा-मोत्याले आना."

मागं वळून पाहिलं तर तांड्याच्या तोंडाशी तोरण दिसत होतं आणि त्याखाली रंगवलेली शिंगं. काशीबाई कण्हत होत्या. मी मनात हिशेब केला की बैल आणले तर वीस मिनिटांत बाहेर पडू. हे लिहायला मला लाज वाटते.

"बैल नाही," बाबा म्हणाले.

ते खाली उतरले. डोक्यावरची पागडी सोडली. पोळ्यासाठी घेतलेली, लाल, आजच घडी मोडलेली. तिच्या एका टोकानं डावा हब कोरडा केला, तेच कापड गुंडाळून घट्ट धरला आणि फिरवला. खट् असा आवाज आला. उजव्याकडं गेले, पागडीचं दुसरं टोक घेतलं. खट्.

जीप वर चढली.

संध्याकाळी काशीबाई प्लास्टर घालून त्याच बाकावर बसून परत आल्या. तांड्यात पोचलो तेव्हा मिरवणूक झाली होती. हिरा दारात बांधलेला, झूल कोरडी, गुडघे कोरडे. बाबांनी उघड्या डोक्यानं पोळी पुढं धरली. हिऱ्यानं हुंगली, जीभ काढली आणि एका घासात खाल्ली. मग बाबांच्या हाताला गूळ लागला होता तोही चाटला. चिखलात माखलेली पागडी त्यांनी हिऱ्याच्या गोठ्याच्या कुडावर वाळत घातली.

माझं नवं पत्रक तयार आहे. पहिली ओळ हिऱ्याच्या नावाची आहे. त्यात हेही लिहिलंय की जीप हे रस्त्याचं उत्तर नव्हे. वर्गणी करून गाडी घ्यावी लागणं ही आमची हुशारी नाही, ही त्यांची शरम आहे.

आता तुम्ही. पुढच्या पोळ्याच्या आधी, तुमच्या तालुक्यात डांबर जिथं संपतं तिथं उतरा आणि पुढं पायी जा. पहिल्या घरी विचारा, गेल्या पोळ्याला कुणाला जुंपलं होतं. जे नाव सांगतील ते कागदावर लिहा, बैलाचं असलं तरी, आणि तो कागद घेऊन तहसील कार्यालयात जा. रस्त्याची तारीख लेखी मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.